घाम, गंध आणि तुरटीचा खडा

पाऊस परतला की मराठवाड्यात ऊन पुन्हा एकदा डोके वर काढते. हवेत ओल असते, वारा पडलेला असतो आणि अंगाला चिकटणारा हा घाम वैशाखातल्या कोरड्या घामापेक्षा अधिक छळतो. छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही औषधांच्या दुकानात या दिवसांत डोकावून पाहावे. काउंटरमागच्या फळीवर डिओच्या उंच नळकांड्या रांगेने उभ्या दिसतील. त्यांतली एखादी आता आजी-आजोबांच्या खोलीतल्या फडताळातही पोचली आहे. काही घरांत ती नातवाच्या कौतुकातून येते. काही घरांत मात्र ती संकोचातून येते. सांगायचे असते, पण सांगवत नाही. म्हणून न बोलता बाटली उशाशी ठेवली जाते.

ज्यांच्या उशाशी ती ठेवली जाते त्यांना तिचा अर्थ बरोबर कळतो. म्हणूनच या विषयावर एकदा सविस्तर बोलले पाहिजे. त्या बाटलीत काय असते, उतारवयात तिची खरोखर गरज असते का, तुरटी, वाळा, उटणे ही आपल्याकडची साधने किती उपयोगाची आणि किती जपून वापरायची, आणि रिकाम्या बाटल्यांचे पुढे काय होते, असे अनेक धागे यात गुंतलेले आहेत.

वास घामाचा नसतो

आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुसंख्य ग्रंथींतून पाझरतो तो जवळजवळ निव्वळ पाणी आणि मीठ यांचा घाम. त्याचे काम शरीर थंड ठेवण्याचे. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथी काखेत आणि जांघेत असतात. त्यांचा स्राव दाटसर असतो आणि त्वचेवर वस्तीला असलेले जिवाणू त्याचे विघटन करतात. या विघटनातून तयार होणाऱ्या आम्लांना आणि गंधकयुक्त संयुगांना आपण ‘घामाचा वास’ म्हणतो.

या दुसऱ्या जातीच्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात आणि वार्धक्यात मंदावतात. एकूण घामही कमी होतो. म्हणजे विशीतल्या नातवाला ज्या कारणासाठी डिओ लागतो, ते कारण पंचाहत्तरीतल्या आजोबांच्या बाबतीत पुष्कळसे ओसरलेले असते.

मग म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला जो एक वेगळा वास येतो असे म्हणतात, तो कुठला? जपानी संशोधकांनी २००१ साली याचे एक उत्तर शोधले. २६ ते ७५ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या अंगाचा गंध त्यांनी तपासला तेव्हा ‘टू-नोनेनल’ नावाचे एक संयुग चाळिशीच्या पुढच्या व्यक्तींतच आढळले. त्वचेवरच्या तेलातले काही स्निग्ध घटक वयपरत्वे वाढतात, हवेतल्या प्राणवायूने ते खवट होतात आणि त्यातून हे संयुग तयार होते. जपानी भाषेत या वासाला ‘कारेइशू’ असा स्वतंत्र शब्दच आहे. हा वास घामातून येत नाही, तेलातून येतो. छाती, पाठ, मान या भागांतून येतो. काखेत फवारलेल्या डिओचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मानेखालची उशीची खोळ, स्वेटरची कॉलर, जुनी शाल, रोज अंगावर असलेली बंडी यांत तो मुरून राहतो.

आणखी एक अभ्यास ज्येष्ठांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. तरुण, मध्यमवयीन आणि ७५ ते ९५ वर्षे वयाचे वृद्ध अशा तीन गटांतल्या लोकांनी रात्री झोपताना काखेत शोषक पट्ट्या लावलेले सदरे घातले. मग त्या पट्ट्यांचे तुकडे इतरांना हुंगायला दिले. वृद्धांचा गंध लोकांना ओळखता आला. पण तो सर्वांत सौम्य आणि सर्वांत कमी अप्रिय ठरला! सर्वाधिक उग्र ठरला तो मध्यमवयीन पुरुषांचा. तेव्हा ‘म्हातारपणाचा वास’ या शब्दांत जो तिरस्कार भरलेला असतो त्यात नाकाचा वाटा थोडा आणि मनाचा मोठा आहे. सासऱ्यांच्या उशाशी बाटली ठेवणाऱ्या पन्नाशीतल्या जावईबापूंनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

बाटलीत काय असते

अंगाचा वास घालवण्याचे पहिले व्यापारी उत्पादन १८८८ साली फिलाडेल्फियातच निघाले. ‘मम’ हे त्याचे नाव. ते मलमासारखे होते आणि बोटाने लावावे लागे. पुढे बॉलपेनच्या गोळीवरून कल्पना घेऊन १९५२ साली गोळीची बाटली आली आणि त्यानंतर फवाऱ्यांचे युग. आज ‘नैसर्गिक’ म्हणून छोट्या डबीत महागडी मलमे विकली जातात. ती पाहिली की सव्वाशेहून अधिक वर्षांची प्रदक्षिणा घालून गाडी मूळ स्थानकावर आलेली दिसते.

या उत्पादनांचे ढोबळ दोन प्रकार. एक प्रकार घामच अडवतो. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घर्मग्रंथींच्या तोंडाशी तात्पुरता बोळा बसवतात. दुसरा प्रकार घाम अडवत नाही. जिवाणूंना आवर घालतो किंवा सुगंधाने वास झाकतो. आपल्याकडे फवाऱ्याच्या नळकांड्यांतून मिळणारे पुष्कळसे डिओ या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे अल्कोहोल, सुगंधी द्रव्ये आणि त्यांना बाहेर ढकलणारा वायू यांचे मिश्रण असतात. हा वायू बहुधा ब्युटेन, प्रोपेन अशा जातीचा, म्हणजे आपल्या गॅसच्या टाकीतल्या वायूचा सख्खा भाऊ असतो.

यातल्या कोणत्या गोष्टीची भीती बाळगावी आणि कोणत्या गोष्टीची बाळगू नये? ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे स्तनांचा कर्करोग होतो, हा मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहे. आजवरच्या संशोधनात असा संबंध सिद्ध झालेला नाही. या एका भयापोटी कुणी घरातली बाटली फेकून देण्याचे कारण नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी घाम रोखणारी उत्पादने वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरू नयेत, अशी सूचना अमेरिकेत त्यांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब यांपायी मूत्रपिंडे दुर्बल झालेले ज्येष्ठ थोडे नाहीत. त्यांनी ही सूचना आपलीच समजावी. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत काहीही लावू नये, कारण त्या क्षारांचे कण चित्रात संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

दमा किंवा जुनाट श्वसनविकार असलेल्या व्यक्तीच्या बंद खोलीत फवारा मारणे मात्र मला सर्वथा अयोग्य वाटते. देवापुढे समई तेवत असेल, शेजारी ऑक्सिजनचे यंत्र चालू असेल, तर तो धोका श्वासापुरताही राहत नाही. शिवाय वृद्धांची त्वचा पातळ आणि कोरडी असते. अल्कोहोलने ती झोंबते आणि अधिकच कोरडी पडते.

एक वस्तू मात्र आपल्या ज्येष्ठांच्या घरी डिओच्या कितीतरी आधीपासून आहे, ती म्हणजे टाल्कम पावडर. आंघोळीनंतर गळ्यावर, काखेत पावडरीचा पांढरा थर आल्याशिवाय कित्येकांना आंघोळ पुरी झाल्यासारखी वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली टाल्कची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केली. यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. पण ती भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि जांघेत मुळीच वापरू नये, एवढे शहाणपण जरूर घ्यावे. घामाने भिजलेल्या घडीत पावडर टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या त्वचेला घासतात. कोरडे करण्याचे काम मऊ सुती कापडाने अधिक चांगले होते.

आपल्या मातीतली गंधविद्या

सुगंधाचे शास्त्र आपल्याकडे बाहेरून आलेले नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. हे कल्याण म्हणजे मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले आजचे बसवकल्याण. त्यात स्नानाचा, अभ्यंगाचा आणि अंगाला लावण्याच्या उटींचा सविस्तर विचार आहे. आणि मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे गंगाधर नावाच्या पंडिताच्या ‘गंधसार’ या संस्कृत ग्रंथासोबत ‘गंधवाद’ नावाची जी पोथी सापडली, तिच्यावरची टीका जुन्या मराठीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या पोथ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि १९८९ साली वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या संस्थेने त्या छापून प्रसिद्ध केल्या. सुगंधी तेल कसे करावे, धूप कसा बांधावा, हे कधीकाळी मराठीतून समजावून दिले जात होते, याचा हा पुरावा.

त्या विद्येचा शेवटचा तंतू म्हणजे दिवाळीचे उटणे. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. ही काष्ठौषधे आजही शहराच्या जुन्या बाजारपेठेत, गुलमंडीच्या आसपास, कागदाच्या पुडीत मिळतात. आधी तेल, मग उटणे हा क्रम आपण रूढी म्हणून पाळतो. वर सांगितलेली खवट तेलाची गोष्ट आठवली की त्यामागचे शहाणपण ध्यानी येते. जुने तेल नव्या तेलात विरघळते आणि उटण्याच्या पिठाबरोबर पुसले जाते. आठवड्यातून एकदा पाठ, मान आणि छातीला असे हलके उटणे लावले तर साबणाचा वापर निम्म्यावर येतो. मात्र ज्येष्ठांसाठी उटणे वस्त्रगाळ हवे; बाजारातल्या भरड उटण्याने पातळ त्वचेवर ओरखडे उठतात. आणि तेलाचा हात लागलेली न्हाणीघराची फरशी! खुब्याचे हाड मोडायला तेवढे निमित्त पुरते. उटणे बसून लावावे, पायाखाली खरखरीत पायपुसणे असावे आणि उठण्यापूर्वी तळपाय पुसून घ्यावेत.

वाळ्याची जुडी रात्री पाण्यात टाकून ठेवावी आणि सकाळी ते पाणी आंघोळीच्या शेवटच्या तांब्यात घ्यावे. जुडी वाळवून पुन्हापुन्हा वापरता येते. वास उडाला की कुंडीतल्या मातीत जाते. अत्तराबद्दल मात्र सावधपणे सांगतो. शहागंज-सिटी चौकाच्या या शहराला अत्तराचे कौतुक सांगावे लागत नाही, आणि काचेची लहानशी कुपी वर्षभर पुरते हेही खरे. परंतु आज स्वस्तात मिळणारी बरीच अत्तरे कृत्रिम सुगंधाची असतात. ती त्वचेवर लावू नयेत. रुमालाला किंवा सदऱ्याच्या आतल्या शिवणीला एक थेंब पुरे.

तुरटी कशी वापरावी

आता तुरटीकडे वळू. गढूळ पाणी निवळायला आणि दाढीनंतर गालांवर फिरवायला ती आपल्या घरात पूर्वापार आहे. ती स्तंभक आहे, म्हणजे त्वचा किंचित आकसवते, आणि वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंना आवर घालते. घाम ती फारसा अडवत नाही, आणि वृद्धांच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे. उन्हाळ्यात ज्यांना मुळातच घाम कमी येतो, तहान कमी लागते आणि ज्यांना लघवी साफ होण्याच्या गोळ्या चालू असतात, त्यांचा घाम अडवायचा तरी कशाला?

आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खडा पाण्यात बुडवून काखेत दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवावा आणि तसाच वाळू द्यावा. हात वर नेता येत नसतील, सांधे आखडले असतील, तर चहाचा पाव चमचा तुरटीची पूड पेलाभर पाण्यात विरघळवून त्यात सुती फडके बुडवावे, पिळावे आणि काळजी घेणाऱ्याने ते काखेत टिपून घ्यावे. खडा नेहमी गुळगुळीत असावा. कडा टोकदार असतील तर ओल्या दगडावर घासून घ्याव्यात. दाढीच्या पात्याने काख साफ केली असेल त्या दिवशी, किंवा त्वचेवर चीर, पुरळ, फोड असताना तुरटी लावू नये.

आणि एक खुलासा. तुरटीचे स्फटिक ‘ॲल्युमिनियमविरहित’ म्हणून विकले जातात ते चुकीचे आहे. तुरटी ही पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांच्याच सल्फेटची बनलेली असते. ती घर्मग्रंथींत बोळा बसवत नाही एवढेच. मूत्रपिंडाच्या रुग्णांना वर दिलेली सूचना म्हणूनच तुरटीलाही लागू धरावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती वापरावी.

मोबाइलवर नैसर्गिक डिओच्या ज्या कृती फिरतात त्यांतल्या दोन मी ज्येष्ठांसाठी सरळ बाद करतो. पहिली खाण्याच्या सोड्याची. त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल असतो आणि सोडा त्याच्या विरुद्ध, अल्कधर्मी. तरुणांच्या काखाही त्याने लाल होतात. मग सत्तरीच्या त्वचेची काय कथा? दुसरी लिंबाची. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे डाग आणि फोड येऊ शकतात, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

मलमच हवे असेल तर चार चमचे खोबरेल तेल आणि एक चमचा मधमाश्यांचे मेण गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावे, खाली उतरवून तीन चमचे आरारूट मिसळावे आणि काचेच्या किंवा स्टीलच्या डबीत ओतावे. मेण न घालता नुसत्या खोबरेलावर केलेले मलम थंडीत छान दिसते, पण खोबरेल २४-२५ अंशांवरच वितळते. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात डबीत तेल वेगळे आणि पीठ वेगळे होऊन बसते. सुगंधासाठी कापूर घालण्याचा मोह टाळावा. वाटाण्याएवढे मलम एका काखेला पुरते. अधिक लावले तर सदऱ्याला तेलकट डाग पडतात. नवी कुठलीही गोष्ट, मग ती तुरटी असो, उटणे असो वा मलम, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. चंदनाचीही कुणाला ॲलर्जी असू शकते.

स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती घरात असेल तर ही सामग्री तिच्या हाताशी ठेवू नका. तुरटीचा खडा खडीसाखरेसारखा दिसतो आणि डबीतले मलम तुपासारखे.

बदल करायला येणारा कार्तिक-मार्गशीर्षाचा काळ उत्तम. थंडीत घाम कमी, त्यामुळे नव्या सवयीला सवड मिळते. घाम रोखणारे उत्पादन थांबवल्यावर पहिले काही दिवस वास वाढल्यासारखा वाटू शकतो. ‘शरीरातली विषे बाहेर पडत आहेत’ असे त्याचे जे स्पष्टीकरण दिले जाते त्याला आधार नाही. काखेतल्या जिवाणूंची वस्ती दबलेली होती, ती पुन्हा वाढते आणि तिची घडी नव्याने बसते, इतकाच त्याचा अर्थ. काखेला माती थापून विषे ओढून काढण्याची मुळीच आवश्यकता नाही.

अर्ध्या बादलीचे स्नान

आपल्या शहराला पाण्याविषयी सांगायला नको. जायकवाडीचा नाथसागर पैठणला, हाकेच्या अंतरावर. आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने. अशा वेळी घरातले ज्येष्ठ ‘मला आज आंघोळ नको’ म्हणतात त्यामागे नेहमी आळस नसतो. पाणी पोरांना पुरावे ही भावना असते. कधी घसरण्याची भीती असते, आणि कधी कुणासमोर उघडे होण्याची लाज.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला अर्ध्या बादलीत स्वच्छ करता येते. कोमट पाणी दोन भांड्यांत घ्यावे. एका भांड्यातल्या फडक्याने आधी चेहरा, मग मान, काखा, छाती, स्तनांखालची घडी, पोटाची घडी, पाठ. जांघ आणि गुप्तांग सर्वांत शेवटी, दुसऱ्या भांड्यातल्या पाण्याने आणि वेगळ्या फडक्याने. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवावा, बाकी अंगावर चादर असू द्यावी. नंतर चोळू नये. टिपून कोरडे करावे. स्तनांखाली किंवा पोटाच्या घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवली तर घाम साचत नाही. तिथली त्वचा लालभडक, ओलसर, कडेला बारीक पुटकुळ्या असलेली दिसली, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. मधुमेह्यांत तो वरचेवर होतो. त्यावर तुरटी नको, पावडर नको, औषध हवे.

कपड्यांकडेही पाहावे. पॉलिएस्टरच्या कापडात सुती कापडापेक्षा वास अधिक धरून राहतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून सुती बंडी रोज बदलावी, उशीची खोळ दर दोन-तीन दिवसांनी, आणि शाल, गोधडी, स्वेटर आठवड्यातून एकदा कडक उन्हात. पैठणीला धुणे सोसत नाही आणि डिओचा डागही सोसत नाही. तिच्या ब्लाउजच्या काखेत आतून सुती कापडाचा तुकडा टाचून घ्यावा. तो काढून धुता येतो.

आणि सांगायचे कसे? पहिली गोष्ट, चारचौघांत नाही. ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक लोकांची घ्राणशक्ती बरीच मंदावलेली असते. स्वतःचा वास त्यांना कळतच नाही. ‘तुमचा वास येतो’ हे वाक्य त्यांना आरोपासारखे लागते, कारण त्यांच्याकडे पडताळा घ्यायला साधनच उरलेले नसते. त्याऐवजी ‘आई, पाणी छान कोमट झालंय, पाठ चोळून देऊ का?’ किंवा ‘अण्णा, तुमची बंडी उन्हात टाकतो, ही दुसरी घाला’ असे म्हणून पाहावे. मुलाकडून अवघडल्यासारखे होत असेल तर हे काम सुनेने, लेकीने किंवा सेवेकरी बाईंनी करावे. आजोबांच्या बाबतीत उलट. कुणाच्या हातून आंघोळ घालून घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच असतो.

गंध दडपण्यापूर्वी तो काय सांगतो आहे हेही ऐकले पाहिजे. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, त्याबरोबर जोराचा श्वास आणि गुंगी, हे तातडीने रुग्णालयात नेण्याचे लक्षण आहे. लघवीला एकाएकी उग्र वास, ताप आणि असंबद्ध बोलणे म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक गार घाम सुटला तर साखर उतरली असण्याची शक्यता असते. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर आधी साखरेचे पाणी द्यावे. गार घामासोबत छातीत दाटून आले तर क्षणभरही थांबू नये. उलटपक्षी भर उन्हाळ्यात अंग तापलेले, घाम बंद आणि बोलणे बरळल्यासारखे, हे उष्माघाताचे चिन्ह. अंग गार पाण्याने भिजवत १०८ ला दूरध्वनी करावा. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, तर मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी वाढतो. औषधे नवी असतील आणि घामात फरक पडला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रिकामी नळकांडी कुठे जाते

कचऱ्याचा प्रश्न या शहराने अंगावर घेतलेला आहे. वर्षानुवर्षे संभाजीनगरचा कचरा नारेगावच्या डेपोवर जाऊन पडत असे. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या परिसरातल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या; त्यांचे पाणी, त्यांची शेते, त्यांची हवा या डोंगराखाली नासली होती. मग कित्येक आठवडे शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले, मिटमिट्यात मार्चमध्ये दंगलीसारखी परिस्थिती उद्भवली, आणि ‘टाकून दिले’ म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येक घराला नाकाने कळला. त्यानंतर चिकलठाण्यासारखी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली आणि घंटागाडीत ओला-सुका वेगळा देणे अंगवळणी पडू लागले.

डिओची बाटली या वर्गीकरणात अडचणीची ठरते. गोळीच्या बाटलीत झाकण एका प्लॅस्टिकचे, गोळी दुसऱ्या, अंग तिसऱ्या. आत उरलेला चिकट द्रव वेगळाच. ती सुट्टी करून देणार कोण? फवाऱ्याची नळकांडी धातूची असते, म्हणजे भंगारात तिला किंमत असायला हवी. पण आत दाब उरलेला असतो. ती शेकोटीत किंवा पेटत्या कचऱ्यात पडली तर फुटते, आणि तिच्यासमोर उभा असतो तो सफाई कामगार किंवा भंगार वेचणारी बाई. म्हणून घरात आहे ती बाटली आधी पूर्ण संपवावी. अर्धी भरलेली टाकून ‘नैसर्गिक’ होण्यात काही अर्थ नाही. संपल्यावर तिला भोक पाडू नये, जाळू नये, आणि सुक्या कचऱ्यात इतर वस्तूंबरोबर न कोंबता वेगळी, सांगून द्यावी.

समजा, एका माणसाला एक नळकांडी दीड महिना पुरते. चौघांच्या घरातून वर्षाला बत्तीस नळकांड्या बाहेर पडतात. तुरटीचा मुठीएवढा खडा किराणा दुकानात काही रुपयांना, कागदात बांधून मिळतो आणि महिनोन्‌महिने चालतो. मात्र वापरून झाल्यावर तो पुसून कोरड्या वाटीत ठेवावा, आणि प्रत्येकाचा खडा वेगळा असावा. ओल्या साबणदाणीत राहिला तर आठवड्यात विरघळून निम्मा होतो.